कोळंबी कुजेपर्यंत

आधी मीठ आलं.
कुरिअरवाल्याने दोन बादल्या दाराशी आपटल्या,
उणे चौतीसमध्ये माझी सही मागितली,
पेन उमटेना.
गार्लंड म्हणाला, "समुद्र आला."

फोर्ट मॅकमरीहून समुद्र
कुठल्याही दिशेने निघा, दोन दिवस लांब.
इथे वाळूतून तेल काढतात.
आमच्या न्यूफाउंडलंडला पाण्यातून कॉड काढायचे,
मग एका उन्हाळ्यात सरकारने सांगितलं, दोन वर्षं थांबा.
थांबलो.
जाळी शेडमध्ये कडक होत गेली.
होडी विकली, तिच्या नावासकट.
नाव माझं होतं.

आता तळघरात काचेची पेटी, सत्तर गॅलन.
एडमंटनहून ओल्या वर्तमानपत्रात गुंडाळून आणलेला खडक,
पांढरी वाळू, घरघरणारा पंप,
आणि नव्याकोऱ्या कचऱ्याच्या पिंपात
वल्ह्याने ढवळलेलं खारं पाणी.
(वल्हं तेवढं त्याने विकलं नव्हतं.)
मोजायला काटा होता,
तरी बोट बुडवून जिभेला लावलंच.
"अजून थोडं."
चाळीस वर्षांत माझ्या सूपाला
हा कधी अजून थोडं म्हणाला नाही.

आता मासे? मी विचारलं.
आता कोळंबी, म्हणाला.
सुपरमार्केटची, सोललेली, बर्फात थिजलेली, एकच,
पाण्यात सोडून दिली. कुजायला.
आधी काहीतरी कुजावं लागतं.
त्याचं विष होतं.
ते विष खाणारं काहीतरी येतं,
त्याचंही विष होतं,
मग तेही खाणारं येतं.
कुठून?
ते नाही माहीत. येतं.

बारा तासांची पाळी करून,
बुटांना डांबराचा वास,
तो नळीत थेंब मोजायचा, ओठ हलवत.
हिरवं. हिरवं. काळपट हिरवं.
नवव्या दिवशी दुसरी नळी जांभळी.
भिंतीवरच्या कॅलेंडरात
माझ्या दातांच्या डॉक्टरशेजारी त्याचे आकडे.

लोक एकमेकांना पाण्यात पाहतात.
हा नुसत्या पाण्यात पाहायचा,
खुर्ची ओढून, मांड्यांवर हात ठेवून,
जिथे काही नव्हतं.
ते बसणं माझ्या ओळखीचं.
त्या उन्हाळ्यात धक्क्यावरचे सगळे पुरुष
असेच बसले होते,
आणि त्यांना विचारायला नळीही नव्हती.

पाचव्या आठवड्यात काच तपकिरी, खडक तपकिरी,
वाळूवर गंज धरल्यासारखं शेवाळ.
मेलं वाटतं, मी म्हटलं.
"नाही. धरलं."

त्याच आठवड्यात, रात्री दोनला, हाक आली.
"मिना!"
हे नाव होडीबरोबर गेलं असं मी धरून चालले होते.
जिन्यावर माझा एक मोजा निसटला.
तळघरात अंधार, त्याच्या हातात लाल टॉर्च.
खडकाच्या फटीतून एक हात,
शेवईएवढा, केसाळ,
चाचपत बाहेर आला,
थांबला,
आत गेला.
"हे आपण विकत घेतलं नव्हतं," तो कुजबुजला.
"आतच होतं. सगळं पिऊन राहिलंय."

मग दोन मासे. बोटाएवढे, नारिंगी.
पिशवी कोटाच्या आत, पोटाशी धरून, साडेचार तास, मी गाडी चालवत.
घरी आल्यावर थेंब थेंब पाणी द्यायचं, घाई नाही.
ज्याने टनावारी मासा उपसला
तो मोजत होता, पुन्हा पुन्हा:
एक, दोन.

सकाळी, एक.

तो कामावर गेला नाही. आजारी असल्याचं फोनवर मीच सांगितलं.
दुपारी पंपामागे दुसरा सापडला,
जिवंत, आणि चिडलेला.

पेटीच्या काठावर मिठाची पांढरी कड धरली होती.
तो झोपल्यावर मी बोटाने निपटली, जिभेला लावली.
घरच्याइतकं नाही.
पण बराच वेळ तोंड खारट राहिलं,
आणि मी पाणी प्यायले नाही.