पंखा कधीपासून बंद आहे

सोहारच्या इस्पितळात, तळमजल्यावर,
फार्मसीमागचा दरवाजा ढकललात की
आधी वास येतो, मग मी दिसते.
ताहेरा परकार. दापोलीची. हिस्टोपॅथॉलॉजी.
माणसातून काढलेला तुकडा माझ्याकडे येतो:
पित्ताशय, स्तनातली गाठ, कधी नुसता तीळ.
फॉर्मलिनमधून उचलायचा, अल्कोहोलात सुकवायचा,
मग झायलीनमध्ये सोडायचा.
झायलीनचं काम एवढंच, आरपार करणं.
मांस काचेसारखं होतं तिथे,
खाली कागद धरलात तर अक्षरं वाचता येतील.

मा फोनवर विचारते, काम जड नाही ना?
नाही गे, बाटल्या तर उचलायच्या.

सातवा आठवडा.
मुईनलाही सांगितलेलं नाही, तो रिगवर आहे,
असली गोष्ट तुटणाऱ्या आवाजात कशी सांगायची.
हुडचा पंखा रमजानपासून बंद.
वर कुणीतरी अरबीत चिठ्ठी डकवली आहे,
दुरुस्तीसाठी कळवले आहे.
चिठ्ठीचे कोपरे वळलेत.

दुपारच्या नमाजाला खोली रिकामी झाली
तेव्हा कपाटावरची पिवळी फाइल खाली काढली.
डोळ्यात गेल्यास काय, सांडल्यास काय,
आग लागल्यास तर पानभर.
अकराव्या कलमात, गर्भाविषयी, एकच ओळ:
संशय आहे. माहिती अपुरी.
बोटाने पुसून पाहिली.
धूळ निघाली, ओळ तशीच.

डॉक्टर लुबना बाहेरच्या दवाखान्यातली,
तिथे मला कुणी ओळखत नाही.
म्हणाली, शंभरातल्या तिघांत
काही ना काही राहून जातंच,
असला वास आयुष्यात न घेताही,
आणि का, ते बहुतेकदा सापडत नाही.
तरी पहिले तीन महिने
जितकी लांब राहशील तितकं बरं.
मग पेन थांबवून, पत्र देऊ का?
द्या म्हटलं.
ते पत्र चार दिवस पर्समध्ये होतं, ओव्याच्या पुडीखाली.

कारण त्या खुर्चीवरून मी उठले तर बसणार कोण?
रोटा मला पाठ आहे.
बिन्सी बसणार.
बिन्सीचं लग्न मार्चमध्ये झालं, कोट्टयमला.
हल्ली ती डब्याच्या झाकणात एक छोटी पिवळी गोळी ठेवते
आणि जेवण झालं की आमच्याकडे पाठ करून घेते.
ती गोळी मी लांबूनही ओळखते.

बुधवारी एक डबी आली. लेबलावर लिहिलं होतं, अठरा आठवडे.
मी पाणी प्यायला बाहेर गेले,
बराच वेळ पाणी प्याले.
परत आले तर बद्रियाने डबी स्वतःकडे ओढून घेतली होती.
काही विचारलं नाही. बद्रिया कामावर बोलतच नाही,
सलामाला सलाम, बस.

गुरुवारी सुपरवायझरच्या टेबलावर दोन कागद ठेवले.
एकावर माझं नाव.
दुसऱ्यावर कुणाचंच नाही, फक्त पंखा.
दुसरा कागद लवकर चालला.

रविवारी सियालकोटचा याकूब शिडी घेऊन आला.
जाळी उघडली तर आतून राखाडी गोधडीच निघाली.
ती हातात धरून त्याने विचारलं,
कब से बंद है ये?

साधाच प्रश्न. कार्डावर तारीख भरायची होती त्याला.

मी मनात चंद्र मोजत होते, रमजान, शव्वाल.
बिन्सीचा अंगठा बोटांच्या पेरांवरून फिरत होता,
मार्चपासून पुढे.
आणि कधी न बोलणारी बद्रिया बोलली,
या रमजानपासून नाही.
मागच्या.

याकूबने शिडीवरून खाली पाहिलं.
तिचे हात टेबलाच्या कडेवर होते, दोन्ही,
आणि ओठ हलत होते.
ती अजून मोजत होती.