अर्ध्या तिकिटावर समुद्र

एस.टी.त बायकांना अर्धं तिकीट झालं
तेव्हापासून राजमणी चिप्पा हिशेब करत होती.
टॉवेलच्या काठाला शिलाई मारता मारता,
दर डझनाला एक आकडा, ओठांतल्या ओठांत.
सोलापूर ते स्वारगेट, स्वारगेट ते मंडणगड,
तिथून मुक्कामाची गाडी, वेळासला.
"कासवं बघायला?" सुपरवायझर म्हणाला,
"कंबर तलावात नाहीत होय?"

आम्ही तिघी. मी, राजमणी आणि अनसूया बोद्धूल,
जिला गाडी लागते
आणि तरी खिडकी लागत नाही म्हणते.
भिशीचे पैसे कमरेच्या पिशवीत,
कडक भाकरी, शेंगाचटणी,
चार दिवसांसाठी बांधलेली, महिनाभर पुरेल एवढी,
आणि एक्स्पोर्टमधून परत आलेला एकेक टॉवेल:
काठावर एक टाका सुटलेला,
तेवढ्यासाठी कुठल्याशा देशानं नाकारलेला.

घाटात अनसूयानं तिचा वापरला.
जास्त सांगत नाही.

समुद्र आधी ऐकू आला.
लाईट गेलेली. घरवाल्या काकूंनी
मेणबत्तीत आमसुलाचं सार वाढलं
आणि माणशी भाव पुन्हा एकदा सांगितला.
पडवीत आडव्या झालो.
मला वाटलं, आज डोळा लागत नाही.
मी जन्मापासून मागांच्या आवाजात झोपलेली;
आमच्याकडे माग बंद पडले
की पोरं किरकिरतात, म्हातारे उठून बसतात.
पण इथं तो होता.
खटखट नाही, पण थांबतही नव्हता,
दिवसपाळी, रातपाळी, एकट्याचीच.
झोपलो, पार मेल्यासारख्या.

पहाटे किनाऱ्यावर दोरी बांधलेली.
अलीकडे पुण्याचे कॅमेरे
आणि आम्ही, हातात चपला.
राखणीच्या मुलानं टोपली उचलली. रिकामी.
दुसरी. रिकामी.
"निसर्ग आहे," तो म्हणाला, "गॅरंटी नाही."
संध्याकाळी तेच.
राजमणी रात्री जेवली नाही नीट.

दुसऱ्या दिवशी, पिशव्या भरून, गाडीच्या आधी,
तिसऱ्या टोपलीखाली सात.
बिस्किटाएवढी, ओल्या कोळशाच्या रंगाची.
सोडली तशी वाळूतच वल्ही मारत निघाली,
मागे बारीक टाके पडत गेले,
आमच्यापेक्षा कितीतरी वाकडे.
एक उलटं झालं. अनसूया ओरडली.
हात लावायचा नाही, मुलानं सांगितलेलं.
लाटेनंच केलं सरळ.

"तल्ली रादा?" राजमणी पुटपुटली,
मग मुलाकडे बघून मराठीत,
"आई येत नाही का यांची?"
"नाही. घालते, झाकते, जाते."
ती जरा वेळ गप्प राहिली.
मग हसली, मोठ्यानं, दोरीला धरून,
"बरं आहे की ओ बाईचं!"
कॅमेरे वळून बघायला लागले.

आणि गाडीत चढायच्या आधी
जिथं रेंज येते त्या एकाच आंब्याखाली उभी राहून
घरी फोन,
"पाणी आलं का? पाचवा दिवस ना आज?
पिंप भरलास? आधी धुतलास का?"
तिच्या मागं एवढा समुद्र,
आणि कपाळावर आठी,
की पोरानं पिंप न धुताच भरलं.

महाडच्या पुढं ती वही काढून बसली.
माणशी चोवीसशे साठ.
सातानं भागून म्हणाली,
"एक कासव साडेतीनशेला पडलं,"
आणि झोपी गेली, अनसूयाच्या खांद्यावर,
जिनं सबंध घाट
श्वास धरून काढला.

परवा शिफ्टला टॉवेल झटकला
तर मशीनवर वाळू पडली, चिमूटभर.
फुंकून टाकली.
पुढच्या काठावर एक टाका वाकडा गेला.
उसवणार होते.
राजमणीनं बघितलं,
काही बोलली नाही,
उचलून चांगल्या डझनात ठेवला.