खांद्याचं माप

दौलतगंजात, कुलपांच्या दुकानाला लागून,
हशमत मिस्त्रींनी रायफल चादरीतून काढली
आणि आधी तिचा वास घेतला.
"सरसों का तेल," म्हणाले, "किसी ने प्यार से बिगाडी है."
तो काका. दर दसऱ्याला हळदकुंकू लावून
नळीत मोहरीचं तेल ओतायचा.
वीस वर्षांची शस्त्रपूजा
आत डिंकासारखी घट्ट झाली होती.

बोल्ट हलेना. रॉकेल, चिंधी,
पितळी ब्रश, पुन्हा रॉकेल.
तिसऱ्या दिवशी गंजाखालून एक मुकुट निघाला,
तांदळाच्या दाण्याएवढा,
मग आकडे, मग अर्धं झिजलेलं अक्षर.
मिस्त्री भिंगातून पुटपुटले:
बर्मिंगहॅमची, पहिल्या लढाईच्याही आधीची.
एवढं ऐकून मी उठणारच होतो.
घरी सांगायला पुरे होतं. भैयासाहेबांची, अस्सल विलायती.
शिवपुरीच्या जंगलातली सात कातडी,
सातांखाली पितळी पट्टीवर पणजोबांचंच नाव.
कसर वाघांना लागली, पट्ट्यांना नाही.

"बैठिए. लोहे ने बता दिया,
अब लकडी से पूछते हैं."

दस्त्याची पाठ उघडली. दोन स्क्रू.
आतलं जुनं भोक अर्ध्यातच कापलेलं.
कुणीतरी करवतीने दीड इंच अक्रोड उतरवला होता
आणि वर म्हशीच्या शिंगाची पाठ बसवली होती,
विलायतेची नव्हे, इथलीच,
छावणीतल्या कुठल्याशा कारागिराच्या हातची.

मग म्हणाले, धरा.
मी धरली. अंगठा नाकाला टेकला.
मी पणजोबांच्या उंचीचा, सगळेच म्हणतात,
माझ्या मुंडावळ्या बांधायला
मामाला स्टुलावर चढावं लागलं होतं.
रायफल मला घट्ट झालेल्या मुंजीच्या कोटासारखी.

"और गाल?"
त्यांनी दस्ता उजेडात फिरवला.
डाव्या अंगाचं पॉलिश जसंच्या तसं.
उजव्या अंगाला वाटीएवढा डाग,
झिजून गुळगुळीत, काळपट.
घरात डावखुरं कुणी होतं?

होती.
तान्हूआत्या, आजोबांची धाकटी बहीण.
तिच्याबद्दल आमच्याकडे एकच वाक्य उरलं आहे:
डावरी, म्हणून तिला पंगतीत वाढू देत नसत.
तूप नाही, मीठ नाही, साधी पानंही मांडायची नाहीत.
दिली बडोद्याला. कुणी म्हणतं देवासला.
सणाच्या दिवशी, सगळ्या बायका वाढत असताना,
ती कुठे असायची
हे विचारायचं कुणाला सुचलं नाही.

मी काही सिद्ध करत नाहीये.
मचाणावरच्या रात्री मी पाहिल्या नाहीत.
फक्त एवढंच, की बोल्ट उजव्या हाताचा आहे.
डाव्या खांद्यावरून मारणाऱ्याला
दर गोळीनंतर हात ओलांडून
पलीकडून तो ओढावा लागतो,
समोरचं जनावर अजून उभं असताना.
आणि मुठीच्या मागे, नेमक्या त्याच जागी,
लाकडावर बारीक आडव्या ओरखड्यांची जाळी आहे.
मिस्त्री म्हणाले अंगठी.
मला वाटलं बांगड्या. काचेच्या नसाव्यात,
काच टिकली नसती.

कलेक्टर कचेरीच्या अर्जात रकाना आहे,
पूर्वीचे धारक. तीन नावं, तिघेही पुरुष.
चौथी ओळ माझ्यासाठी कोरी.

मिस्त्री तळहाताने जवसाचं तेल चोळत होते.
लाकूड हळूहळू चहाच्या रंगावर आलं.
म्हणाले, जुना अक्रोड पडलाय माझ्याकडे,
दीड इंच जोडून देतो, सांधा दिसणार नाही,
तुमच्या मापाची होईल.
नको म्हणालो.
आणि तो डाग घासू नका.
त्यांनी मान हलवली, जणू
याच उत्तरासाठी विचारलं होतं.

तेवढ्यात चहा आला.
पोऱ्याने डाव्या हाताने कप पुढे केला.
"सीधे हाथ से," मिस्त्री म्हणाले,
वर न बघता.