पेंड

इब्रीच्या बाहेर, डांबर संपून खडी लागते तिथं
आमचा पत्र्याचा कारखाना.
खजूर जातो पाकाच्या कंपनीत,
आमच्याकडं येतात बिया.
बियांचं तेल, तेलाचं डिझेल,
आणि शंभर किलोंमागं नव्वद किलो जे उरतं
त्याला नोंदवहीत एकच रकाना : टाकाऊ.

मी बार्शीचा. घाण्यावर वाढलेला.
आमच्या घरात पोराला आधी वासावरून पेंड कळते,
अक्षरं मागाहून.
करडईची कडवट, शेंगदाण्याची गोडसर,
सरकीची... तिला वास कमी, ऊब जास्त.
ही खजुराची. भाजल्या कॉफीसारखी,
तळाशी किंचित ओलं लाकूड.
टिपरमध्ये लोटताना
फावडं दर वेळी जरा अडायचं.
पेंड सांडणाऱ्या गड्याला
अप्पा त्या दिवशी जेवायला वाढू देत नसत.

एका गुरुवारी रात्रभर भिजवली,
सकाळी लसूणघासात कालवून
कुंपणापलीकडं हमूदच्या शेळ्यांपुढं ठेवली.
हुंगून मागं सरल्या.
रफीकुल हसला.
घोडं कुठं पेंड खातं ते ठाऊक होतं मला,
इथं तर शेळीसुद्धा खाईना.

हमूदची आई शम्सा काठी टेकत आली.
चिमूटभर उचलली, चाखली, थुंकली.
मीठ कुठंय?
आणि कच्चीच? आम्ही बिया उकळायचो,
वर मूठभर सुकी मासळी.
मला अरबी जेमतेम,
पण उकळत्या भांड्याची खूण हाताला हातानं समजते.
मग तिनं एका गाईचं नाव घेतलं
आणि बराच वेळ काही बोलली नाही.

तिसऱ्या दिवशी परात लख्ख.
महिन्याभरात शेळ्यांच्या अंगावर तकाकी आली,
ती मॅनेजरच्या नजरेत भरली.

आता वहीत टाकाऊ खोडून लिहिलंय :
पशुखाद्य, किलोला वीस बैसा.
वजनकाटा आला, पावतीपुस्तक आलं, फाटकाला कुलूप आलं.
हमूद रांगेत उभा असतो, खिशात चिल्लर मोजत.
शम्सा येत नाही.

संध्याकाळी ढीग सारखा करताना
एखादं घमेलं माझ्या हातून जरा जोरात उडतं,
कुंपणापलीकडं पडतं.
सांडलेलं वहीत धरत नाहीत.
एवढं सांडणं अप्पांनी
चालवून घेतलं असतं, बहुतेक.