जिथलं अंतर, तिथली पट्टी

आमच्या चुलीमागच्या भिंतीवर जगाचा नकाशा आहे,
खळीनं चिकटवलेला.
खालून ओल चढली,
अंटार्क्टिका दोन पावसाळ्यांपूर्वीच गेला.

फैयाज बोटीवर लागला त्या वर्षी
मानं तो चिपळूणहून गुंडाळी करून आणला.
दाभोळ त्यात छापलेलंच नव्हतं.
मुंबईच्या ठिपक्याखाली नखाएवढी जागा सोडून
तिनं अंदाजानं टाचणी खुपसली,
टाचणीला जाळ्याचा दोरा बांधला.

त्याचा फोन आला की मी बंदर शोधायचं,
तिनं दोरा ताणायचा, गाठ मारायची,
मग बोटं लावून मोजायचं.
फुजैरा, तीन बोटं. त्या रात्री ती जेवली.
मोंबासा, सहा.
"बरंय, एका हातात मावतोय अजून."

यंदा डिसेंबरात तो म्हणाला, ट्रोम्सो.
मी खुर्चीवर चढून बोट ठेवलं.
दोरा इराणवरून गेला, रशियावरून गेला,
पंधरा बोटं भरली.
"अडीच मोंबासा," मा म्हणाली,
आणि भाकरी तव्यावर काळी होऊ दिली.

दाऊदचाचा परकार, चाळीस वर्षं सुकाणी,
आता गुडघ्यांमुळे जेटीपर्यंतही जात नाही,
काठी टेकत आला, काखेत जाळ्याचा बोया,
काळा, गोल, शंख चिकटलेला.
खडूनं त्यावर दोन फुल्या केल्या,
एक दाभोळ, एक तिकडची,
तिसरी मोंबासा.
"आता ताण तुझा दोरा."

दीड.
मानं पुन्हा ताणला. दीडच.

"मग कागद खोटं का बोलतो?"
"खोटं नाही गं. हे गोल आहे, ती भिंत सपाट.
वर टोकाशी सगळ्या रेघा एकत्र येतात,
कागदावर त्यांना येऊ देत नाहीत,
लांब लांब उभ्या करतात,
म्हणून तिथला मुलूख ताणावा लागतो.
सुकाण्याला दिशा खरी हवी होती,
तेवढी राखली, अंतराला म्हणाले, तू फुग.
दोन्ही राखता येत नाही."

मा बोयावरचे शंख नखानं खरवडत होती.

"आम्ही चार्टावर काय करायचो?
कंपास उघडायचा, बोट जिथं आहे
त्याच उंचीला कडेच्या पट्टीवर टेकायचा.
जिथलं अंतर, तिथली पट्टी.
इथली पट्टी तिकडे नेलीस
तर दर्या तिप्पट होतो. माणसं घाबरतात."

"आणि बोट काय रशियावरून जाते?"
हे मी विचारलं.
चाचा हसला. "ते वेगळंच.
बोट वळसा घालते, दोरा घालत नाही.
पक्ष्याचं अंतर पक्ष्याला."

मा तेव्हा काही बोलली नाही.
चहा गाळताना म्हणाली,
धोपावं हे समोर, माझं माहेर,
ओसरीतून आईची चूल पेटलेली दिसायची.
ही पोटात होती तेव्हा खाडी उधाणली,
होडी सुटेना, फेरी तर तेव्हा नव्हतीच.
आई गेली, मी सातव्या दिवशी पोचले.
ते कुठल्या पट्टीवर मोजायचं, दाऊदभाई?

चाचानं बशीत चहा ओतला,
फुंकर मारत बसला, बराच वेळ.

बोया आता खिडकीला टांगलाय.
फोन आला की मा आधी विचारते,
जेवलास का, तिथं उजेड किती वाजता होतो.
तो म्हणतो, मा, होतच नाही.
मग ती बोयाकडे जाते,
आणि सवयीनं भिंतीकडेही.

टाचणी काढून लावून, काढून लावून
तिथलं भोक मोठं झालंय.
दाभोळ त्यात गेलं, धोपावं गेलं,
मधली अख्खी खाडी गेली.
डोळा लावला तर आत
भिंतीचा चुना दिसतो,
बोट लावलं तर थोडा बोटाला येतो.