ढाळ

थंडीत, रास अल खैमात,
आमच्या बिल्डिंगच्या गच्चीवर
वाळत घातलेल्या बनियनांमध्ये उभं राहिलं
की दिसतं: विमानांच्या पांढऱ्या रेघा
समुद्रावर एका ठिकाणी वाकतात.
रोज. त्याच ठिकाणी.
रोदेल विमानतळावर सामान चढवतो. तो सांगतो,
तिथे हवेत एक तिठा आहे,
पाच अक्षरांचं नाव आहे त्याला,
घर नाही, झाड नाही, चहाची टपरी नाही,
पण प्रत्येक पायलटला ठाऊक.
(तिठा हा शब्द माझा. रोदेल ‘पॉइंट’ म्हणाला.)

मी फरशीवाला.
एकोणीस वर्षं गुडघ्यांवर.
आमच्यात वळायचं म्हणजे कटर लावायचा,
पंचेचाळीस अंशांत कापायचं,
धूळ खायची, सांधा भरायचा.
या रेघांना सांधाच नाही.

गेल्या जानेवारीत गावी निघालो, शारजाहून मोप्याला.
खिशात बोटभर पाणसळ होती,
गफूरभाईंनी कायमचं परत जाताना दिलेली.
तपासणीवाल्याने उलटीपालटी करून बघितली,
हसला, परत दिली.
नाश्त्याचा डबा उचलून नेल्यावर
मी ती समोरच्या फळीवर ठेवली. सवय.
लांबीला ठेवली तर बुडबुडा पुढे सरकलेला,
म्हणजे विमान चालताना नाक जरा वर धरून चालतं.
आडवी ठेवली तर बरोबर मधोमध.
मनात म्हटलं, बसवणाऱ्याने नीट बसवलंय.

मग उन्हाचा तुकडा हलला.
पलीकडच्या रांगेत तोंड उघडं टाकून झोपलेल्या माणसाच्या
हनुवटीवर होता, तो खांद्यावर आला,
मग मागच्या बाईच्या मेंदीवर,
मग कुठेच नाही.
खिडकीतून पाहिलं तर पंख खाली झुकलेला
आणि समुद्र छपरासारखा उतरता,
त्यावर सुटलेल्या कौलांसारखी
दोन-चार जहाजं.

पाणसळीकडे पाहिलं.
बुडबुडा मधोमध.
ग्लासातलं पाणी ग्लासाशी सपाट.
ओळंबा सोडला असता तर तोही
माझ्या पायांकडेच बघत राहिला असता,
समुद्राकडे नाही.

ज्याच्या शब्दावर एकोणीस वर्षं
लोकांच्या घरांत जमीन केली,
तो बुडबुडा, सगळं तिरकं असताना,
मला म्हणत होता, ठीक आहे.
राग आला नाही.
म्हणजे, थोडा आला.

परतल्यावर रोदेलला विचारलं.
वीस-पंचवीस अंश, तो म्हणाला, आणि हळू.
वजन जरासं वाढतं, झोपलेल्याला कळत नाही.
मुद्दामच तसं वळवतात.
चहा सांडू नये म्हणून.

न्हाणीला आम्हीही ढाळ देतो.
मीटरला दीड सेंटीमीटर.
पायाला कळू नये, पाण्याला कळावा.
गफूरभाई म्हणायचे,
मालक उभा राहिला तर त्याला सपाट वाटलं पाहिजे,
आणि बादली उपडी केली
तर पाण्याने वाट विचारता कामा नये.

दोन वर्षांसाठी आलो होतो मी.
कुठल्या तिठ्यावर कोणी पंख झुकवला
ते मला सांगता येणार नाही.
मुलगी फोनवर आधी ‘तू’ म्हणायची,
मग ‘तुम्ही’ म्हणू लागली.
त्या दिवशीही चहा सांडला नव्हता.

काल एका व्हिलाची वरची न्हाणी संपवली.
पाणसळ काढलीच नाही.
अर्धी बादली ओतली आणि उकिडवा बसलो.
पाणी क्षणभर तिथेच राहिलं,
कुठे जायचं ते आठवत असल्यासारखं,
मग निघालं जाळीकडे, एका कडेनं, वळत.
खिडकीला अजून काच लागायची होती.
चौकटीत एक रेघ वाकत होती.
मी बादली पुन्हा भरली.