वयानं मोठा व्रण

तुझ्या पाठीवरचा व्रण
तुझ्याहून अकरा आठवड्यांनी मोठा आहे, यागोदा.
आंघोळीच्या वेळी साबण मी त्यालाच आधी लावते.
मोठ्याचा मान.

माझ्या पोटावरचा त्याच दुपारचा.
एका दिव्याखाली दोघींना उघडलं, दोघींना शिवलं,
आणि थंडीसाठी भरलेल्या बरणीचं झाकण लावावं
तसं तुला परत आत ठेवून दिलं.

तुझा आजा अलोइझ बत्तीस वर्षं खाणीत.
हे बीतोम गाव त्यानंच खालून पोखरलंय,
म्हणून आपल्या गल्लीतली घरं कलतात
आणि भिंतींना लोखंडी पट्ट्या आवळलेल्या.
तो म्हणाला, चीर दिसली की हिवाळ्याआधी बुजवायची,
त्यात विचारायचं काय?
त्याला डॉक्टरीणबाईंचं सगळं लगेच कळलं.

मी विचारलं, चालेल का?
त्या म्हणाल्या, शक्यता वाढते.

आठ वर्षं मी रोज सकाळी
त्या शक्यतेला मोजे घालते, ब्रेसेस चढवते,
वेल्क्रो आवळते, एक नंबर मोठे बूट.
आणि ती चालते.
जिन्यापर्यंत. ट्रामच्या थांब्यापर्यंत, मध्ये दोनदा टेकून.
बर्फात नाही.

डोक्यात नळी बसवावी लागली नाही.
लघवीची मात्र दर चार तासांनी लागते.
शाळेत तू ती आता स्वतःच घालतेस, गुणगुणत,
आणि दाराबाहेरच्या मैत्रिणीला ओरडतेस, आलेच!
तपासणीच्या कागदावर यातलं पहिलं यश, दुसरं अपयश.
'आलेच' कुठे लिहायचं, मी बाईंना विचारलं नाही.

तिमोनचं अठ्ठाविसाव्या आठवड्यात कळलं.
तोवर उशीर झाला होता; त्याला जन्मल्यावर शिवलं.
दवाखान्याच्या बाकड्यापाशी खुर्चीची चाकं अडकवून
तो तुला पत्त्यांत हरवतो, दर वेळी,
आणि तू दर वेळी चिडतेस.
त्याची आई आणि मी एका थर्मासमधला चहा पितो.
ती तुझ्या पायांकडे बघते
तेव्हा मी कपात बघते.

भाऊ हवा म्हणतेस.
माझी शिवण कळा सोसायची नाही, असं सांगितलंय.
तुझा बाबा तेव्हापासून
पाळण्याचा विषय निघाला की कोळसा आणायला खाली जातो.

काल झोपताना विचारलंस,
मला परत आत ठेवलं, तेव्हा मी काय केलं?

तीन रात्री काहीच नाही.
मी पोटावर हात ठेवून छताची भेग मोजत होते.
चौथ्या रात्री लाथ मारलीस. डाव्या पायानं.

तोच पाय थोडा ओढतो आता.
पहाटे फरशीवर खर्र असा आवाज येतो,
मग पाण्याचा नळ,
मग पुन्हा खर्र.
मी डोळे न उघडता ऐकत राहते.